चंद्राच्या दगडाला लावलेलं मॅग्नेट

मशीनवरचा आकडा बघून मी आधी मशीनवरच संशय घेतला. नेहमीचा तपासणीचा नमुना लावून पाहिला. मशीन ठणठणीत होतं. म्हणजे गडबड दगडात होती.

दगड विलेपार्ल्याच्या सामंत काकांचा. काका बोटीवर इंजिनिअर होते, आता रिटायर्ड. मोरोक्कोच्या बाजारात त्यांनी तो विकत घेतला होता. तो चंद्रावरचाच आहे हे दुसऱ्या एका लॅबने त्यातलं लोह आणि मँगेनीज मोजून सिद्ध केलं होतं. आमच्या अंधेरीच्या लॅबमध्ये मी दगडांचं चुंबकत्व मोजते. म्हणजे नक्की काय करते, हे माझ्या सासरी अजून कोणाला कळलेलं नाही. म्हणून इथे सोपं करून सांगते.

चंद्रावर काही मोठं आदळलं की तिथले तुकडे अवकाशात उडतात. त्यातले काही भटकत पृथ्वीवर पडतात आणि वाळवंटात नाहीतर अंटार्क्टिकाच्या बर्फावर सापडतात. माणसांनी आणि यानांनी आणलेले दगड चंद्रावरच्या मोजक्याच जागांचे आहेत. हे उडून आलेले कुठलेही असू शकतात, आपल्याला कधीच न दिसणाऱ्या बाजूचेसुद्धा. शिवाय तापलेला दगड थंड होताना त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची खूण त्यात राहते. आज चंद्राला पृथ्वीसारखं क्षेत्र नाही, पूर्वी होतं. किती होतं आणि कधी संपलं, यावर शास्त्रज्ञांची अजून भांडणं चालू आहेत. ही खूण अगदी पुसट असते. काकांचा दगड मात्र बोंबलत होता.

मी गोरे सरांकडे गेले. सर माझे बॉस.

"मॅग्नेट लावलंय कोणीतरी," सर आकडा बघून म्हणाले. "विचार त्यांना."

फोन केला तर काका म्हणाले, "थांबा, येऊनच दाखवतो." रिक्षाने आले. खिशातून अंगठ्याएवढं मॅग्नेट काढलं आणि एक साधी उल्का. मॅग्नेट उल्केला खटकन चिकटलं.

"आता तुमच्याकडचा माझा दगड आणा. त्याला नाही चिकटत! चंद्रावरच्या दगडात लोखंड कमी ना. घरी येईल त्याला हे दाखवतो. चहा नंतर."

"प्रत्येकाला?"

"अहो, नाहीतर विश्वास कोण ठेवतो?"

मला फार वाईट वाटलं, पण सांगणं भाग होतं. मॅग्नेट चिकटलं नाही तरी दगडातल्या लोखंडाच्या बारीक कणांवर त्याचा परिणाम होतो. जुनी खूण पुसली जाते. लग्नाच्या कॅसेटवर कोणी क्रिकेटची मॅच रेकॉर्ड करावी, तसं.

काका खाली बसले. "मग आता आत काय आहे?"

"तुमचं मॅग्नेट."

"वाट लागली म्हणा की." त्यांनी मॅग्नेट खिशात टाकलं. मग म्हणाले, "बाबा गिरणीत होते. आमच्या घरात कोणी वारल्याच्या जाहिरातीशिवाय कोणाचं नाव छापून आलेलं नाही. वाटलं होतं, या दगडाच्या निमित्ताने माझं येईल. संशोधनाच्या पेपरात, खाली बारीक अक्षरात का होईना."

दगडाचं वय आणि खनिजं शाबूत आहेत, त्यावर दुसरे लोक काम करू शकतील, असं मी सांगितलं. काकांनी मान हलवली, पण चेहरा उतरलेलाच होता.

"रिपोर्टमध्ये 'नमुना चुंबकीय अभ्यासास अयोग्य' एवढंच लिही," सर मला म्हणाले.

"कारण लिहा," काका म्हणाले. "आणि कोणी केलं तेही लिहा. पूर्ण नाव."

"काका, नाव कशाला? लोक हसतील," मी म्हणाले.

"हसू देत ना! पण दुसरा कोणी दगडाला मॅग्नेट लावताना थांबेल की नाही?"

सरांनी दोनतीनदा समजावलं. काका ऐकेनात. शेवटी उल्का गोळा करणाऱ्यांसाठी आम्ही एक सूचनापत्रक छापलं. दगडाला मॅग्नेट लावू नका, लावल्यास काय होतं, आणि त्याखाली उदाहरण म्हणून काकांचं पूर्ण नाव. काका येऊन गठ्ठाच घेऊन गेले आणि सोसायटीत पेढ्यांबरोबर वाटून मोकळे झाले.

चंद्राने अब्जावधी वर्षं जे सांभाळलं, ते पार्ल्यात पाहुण्यांची खात्री पटवण्यात गेलं. तेव्हापासून कोणी दगड घेऊन आलं की कुठे सापडला हे मी नंतर विचारते. आधी खिशात काय आहे ते विचारते.