गाठ बसली की गोष्ट थांबायची

रूथमावशी गेल्याचं मला प्रकाशनं फोनवर सांगितलं. पेन्शनचं काम आटपून मी वाशिमहून जवळच्याच आमच्या मालेगावच्या बसमध्ये बसले होते आणि बस सुटायच्या बेतात होती. "ताई, सिस्टर गेल्या," एवढंच तो म्हणाला आणि रडायला लागला... प्रकाश माझा धाकटा भाऊ. आम्ही दोघं एकाच गल्लीत राहतो, पण कामाशिवाय एकमेकांना फोन करत नव्हतो. त्या दिवशी तो का रडला आणि मी बसमध्ये पदर तोंडाला लावून का बसले, हे सांगायचं तर आमच्या वडिलांच्या पायापासून सुरुवात करावी लागेल.

रूथमावशी सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली परिचारिका. अख्खं मालेगाव तिला सिस्टर म्हणायचं, मी एकटी मावशी. बाबांना साखरेचा आजार होता. तळपायाला काहीतरी टोचल्याचं निमित्त झालं आणि जखम भरेचना. डॉक्टरांनी पाय काढावा लागेल अशी भीती घातली, तेव्हा ही बाई न बोलावता दारात उभी राहिली. पांढरी सुती साडी, हातात स्टीलचा डबा, काखेत कापडी पिशवी. पिशवीत कापूस, चिमटा आणि काळ्या पुठ्ठ्याचं जाडजूड बायबल. बाबांची नजर नेमकी त्याच्यावर गेली.

"सिस्टर, आधीच सांगून ठेवतो," बाबा म्हणाले. "आमी एकदा धर्म बदलला. पुन्हा पुन्हा नाही बदलत."

"दादा, मले तुमचा धर्म नाही पाह्याचा," ती म्हणाली. "मले पाय पाह्याचा हाय. आना इकडं."

आम्ही बौद्ध. पौर्णिमेला घरात वंदना, भिंतीवर तथागतांची तसबीर. बाबा हट्टी, मुद्द्याला मुद्दा देणारे. आणि मी, सुनी, त्यांचीच मुलगी, तेव्हा माझ्या जिभेबद्दल काही न बोललेलंच बरं. पण मावशीशी वाद घालायला जागाच नसायची. जखम धुताना बाबांचं लक्ष पायाकडे जाऊ नये म्हणून ती गोष्ट सांगायची. पुस्तकातली गोष्ट, पण वऱ्हाडीत, शेजारच्या गल्लीत घडल्यासारखी. दर एक दिवसाआड यायची. घाण निघेपर्यंत, मलम लागेपर्यंत, पट्टी गुंडाळेपर्यंत गोष्ट चालायची आणि पट्टीची गाठ बसली की गोष्ट तिथंच थांबायची, मग ती कुठंही आलेली असो. वादळात सापडलेली नाव तिनं दोन दिवस तशीच पाण्यात हेलकावत ठेवली होती. बाबा चिडायचे. "अर्ध्यातच काहून उठता?" तर म्हणायची, "औषध बी एकाच दिवशी सारं नाही देत, दादा." पिशवी उचलून चालू लागायची. लोक म्हणायचे, ही बाई तुम्हाला बाटवते की काय. मी म्हणायचे, बाटवू द्या, पाय तर वाचवते आहे!

एके दिवशी तिनं सुरू केलं, "एका मानसाले दोन पोरं होते. लहाना म्हने, बाबा, माहा वाटा मले देऊन टाका..."

बाबांचा पाय झटक्यात हलला. "हलू नका, दादा," ती म्हणाली आणि सांगत राहिली.

आमच्या घरात प्रकाशचं नाव घ्यायची बंदी होती. रिठद गावाकडचं आमचं थोडं शेत, त्यातला आपला वाटा मागून त्यानं विकला आणि सुरतेला निघून गेला. त्यानंतर आई आजारी पडली, फोन लावले, लागले नाहीत. आई गेली तेव्हा तिला खांदा द्यायला लेक नव्हता. त्या दिवसापासून बाबांनी त्याला तोडला. मावशीला हे ठाऊक होतं की नाही, मी कधी विचारलं नाही. मालेगावात अशी गोष्ट कोणाला ठाऊक नसते?

त्या दिवशी गोष्टीतला पोरगा सगळं उडवून परक्या गावात डुकरं राखायला लागला आणि गाठ बसली. रात्री जेवताना बाबा ताटात बोटं फिरवत म्हणाले, "घरी काहून नाही येत तो?" मी म्हणाले, "शरम वाटत असन." बाबांची भाकर अर्धीच राहिली. पुढच्या खेपेला पोरगा परतीच्या वाटेला लागला. मावशी सांगत होती, तो दूर असतानाच बापानं त्याला पाहिलं... आणि बाबा मध्येच बोलले.

"एवढ्या दुरून कसा काय दिसला? मंग तो म्हातारा रोजच रस्त्याकडं पाहून राह्यला असन."

पट्टी बांधायची बाकी होती, तरी मावशीनं गोष्ट तिथंच सोडली. बाबा दाराबाहेर पाहत, माझ्याकडे न वळता म्हणाले, "सुने, पक्याचा नंबर हाय का तुयापाशी?"

होता. आईच्या जुन्या फोनमधून मी तो उतरवून घेतला होता, एक दिवस त्याला मनसोक्त शिव्या देईन म्हणून. मी नंबर लावून फोन बाबांच्या कानाला धरला आणि आत जाऊन भांडी आपटली. त्यांचं काय बोलणं झालं ते मला ऐकायचं नव्हतं.

प्रकाश आला तो ओळखू येईना इतका वाळलेला. बाबांनी मटण आणायला लावलं. शिजवायचं कोणी? मीच! बाबांचा पाय रोज कोमट पाण्यानं पुसणारी मी, शाळा सांभाळून दवाखाने करणारी मी, आईचं सगळं शेवटपर्यंत करणारी मी. मला मास्तरकीची ऑर्डर आली होती तेव्हा घरात साधा पेढा आला नव्हता. मी रस्सा उतरवला, भाकरी टोपलीत झाकल्या आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. माझा राग चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही.

मावशी पायाच्या कामाला आली, तिनं मला पाहिलं आणि आत न जाता माझ्याशेजारी बसली. म्हणाली, "त्या दोघांतल्या मोठ्या पोराचं मी सांगतलंच नाही तुले." मोठा शेतातून घरी येतो, धाकटा परतला म्हणून वाजतगाजत असलेलं ऐकतो आणि आत जायला नकार देतो. इतकी वर्षं राबलो, मला काय मिळालं, असं बोलतो. मग बाप पंगत सोडून बाहेर येतो, त्यालाही समजावायला... मावशी उठली.

"मंग? गेला का तो आत?" मी विचारलं.

"ते नाही लिहेल," ती म्हणाली. "पुस्तकातच नाही."

आणि पदर खोचून आत निघून गेली. मला तिचा असा राग आला! पण थोड्याच वेळात आतून तिचा आरडाओरडा ऐकू आला, "दादा, खाली ठेवू नका पाय, खाली ठेवू नका!" पाहते तर बाबा दारात. भिंतीला धरून, दुखरा पाय टेकत, अर्धी गुंडाळलेली पट्टी मागे फरफटत. मावशीनं पाय जमिनीला लावायला सक्त मनाई केली होती.

"सुने," ते म्हणाले, "तुयाबिगर मी ताटाले हात नाही लावला. चाल."

मी धावत जाऊन त्यांना काखेत धरलं आणि आत आले. प्रकाशला माफ करायला नव्हे, बाबांच्या जखमेत माती जाऊ नये म्हणून. हे मी पुढं मावशीला स्पष्ट सांगितलंही. ती हसली. म्हणाली, "कायच्या का पायी असेना, आत तर आली."

बाबांचा पाय वाचला. त्या पायावर ते पुढं काही वर्षं चालले आणि प्रकाशच्या हातचं पाणी पिऊन गेले. आम्ही ख्रिस्ती झालो नाही, मावशीनं कधी म्हटलंही नाही. बुद्धपौर्णिमेची खीर ती आमच्याकडे मागून खायची. पण त्या काळ्या पुस्तकातली एक गोष्ट तिनं आमच्या घरात ठेवली आणि आमचं तुटलेलं घर उभं राहिलं. या बाईचं देणं मला शब्दांत मांडता येत नाही. एवढंच म्हणते की ती आमच्या दारात आली, हे आमचं भाग्य. माझ्यापुरतं मात्र अर्धंच झालं होतं. प्रकाशला मी वाढत होते, विचारत होते, पण मनातलं एक दार लावूनच. आईच्या वेळी तू नव्हतास, हे वाक्य मी संधी मिळेल तेव्हा त्याच्या तोंडावर मारायचे.

मावशीला वाशिमच्या ख्रिस्ती दफनभूमीत माती दिली. तिथून सगळे मालेगावला तिच्या खोलीवर आलो. एक खाट, एक खुर्ची, स्टोव्ह, खिळ्याला टांगलेली ती कापडी पिशवी. सतरंजीवर तिच्या चर्चच्या मंडळीतल्या बायका, तिनं बरे केलेले पेशंट, दाटीवाटीनं बसले. पाळकांनी तिचंच पुस्तक उघडलं. प्रकाश कुठं दिसेना म्हणून मी दाराकडे पाहिलं, तर तो बाहेर हापशीजवळ उकिडवा बसला होता.

मी उठून बाहेर गेले. त्यानं वर पाहिलं नाही. "आईच्या वक्ताले मी नव्हतो, ताई," तो म्हणाला. "इथं कोन्या तोंडानं बसू?"

त्याचं उत्तर माझ्याजवळ किती वर्षांचं तयार होतं... जिभेवर आलंही. पण बाहेर पडलं ते वेगळंच.

"पक्या, ऊठ. तुयासाठी थांबले सारे. तू आल्याबिगर वाचाले सुरुवात नाही करत ते."

हे खोटं होतं. पाळकांचा वाचण्याचा आवाज बाहेरपर्यंत येत होता आणि तो प्रकाशलाही ऐकू येत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, डोळे पुसले आणि उठला. आम्ही दारात आलो तेव्हा बायकांनी सरकून दोघांपुरती जागा केली.