दाखल्यासाठी मांडलेली चूल

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, मुलांजवळ तर नाहीच. ज्यांना ठाऊक होतं त्यांतलं शेवटचं माणूस उरलं होतं – माझी आई. ती गेली तेव्हा मी खूप रडले, आणि त्या रडण्यात कुठेतरी, खोटं कशाला सांगू, सुटल्यासारखंही वाटलं होतं. बघा, मी कशी आहे ते.

लोणंदजवळचं आमचं गाव. वडील मी लहान असतानाच वारले. आई आणि मी चुलत्यांकडेच राहिलो – म्हणजे 'त्यांच्याकडे' असं कधी वाटलंच नाही, घर एकच होतं. चुलत्यांना मी आप्पा म्हणायची, चुलतीला थोरली आई. तिला मूलबाळ नव्हतं. चूल तिच्या ताब्यात, आणि तिथला कायदा असा की पहिली भाकरी शालनची. आप्पा शेतातून दमून आलेले असोत, पाहुणे बसलेले असोत – पहिली माझी. तव्यावरची, टम्म फुगलेली. ती मधोमध बोटाने फोडायची आणि वाफ जायच्या आत त्यात दुधाची साय भरायची. मी रुसून जेवले नाही तर तीही जेवायची नाही. आणि मी रुसायची पुष्कळ.

हे आधी सांगते आहे, कारण पुढचं सांगायला जीभ रेटत नाही.

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षी मी मॅट्रिक झाले. मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली ती सांगलीला, विश्रामबागेत. फी भरायची आप्पांची ताकद नव्हती. फी-माफी होती, पण तिला उत्पन्नाचा दाखला लागायचा. मग काय, कागद गोळा करणं सुरू झालं. सातबाराचा उतारा, रेशनकार्ड, वडिलांच्या मृत्यूचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला. आई आणि मी खंडाळ्याच्या कचेरीत इतके हेलपाटे घातले, की तिथला शिपाई आम्हाला पाहिल्यावर हसायचा. आणि सगळे कागद जमल्यावर कारकून म्हणाला, एकत्र कुटुंबात चुलत्यांची सगळी जमीन धरावी लागेल, माफी बसणार नाही. जमिनीत आदल्या साली कुसळही उगवलं नव्हतं. पण उताऱ्यावर ती जशीच्या तशी होती ना! मात्र मायलेकी वेगळ्या राहत असतील, तर आईचं एकटीचं उत्पन्न धरता येईल, असंही तोच म्हणाला. फक्त तलाठी येऊन पंचांसमक्ष बघणार – चूल खरंच वेगळी आहे का.

आप्पा तयार होईनात. एका घरात दुसरी चूल म्हणजे आमच्याकडे भांडणाचीच खूण. लोक काय म्हणतील? तोड काढली ती थोरल्या आईने. "पोरीचा कागद व्हायला पायजे न्हवं? मग मांडू की चूल. चूल काय, मातीचीच हाय," म्हणाली. तिनेच माती तुडवली, तिनेच पडवीच्या कोपऱ्यात चूल घातली, आणि नवी दिसू नये म्हणून दोन दिवस त्यात गोवऱ्या जाळून ती काळी केली. माझ्या आईसाठी चार भांडी काढून दिली. हे करताना ती हसत होती. मला अजून दिसते ती, कपाळाला माती लागलेली.

तलाठी आले. बरोबर दोन पंच, आणि गावातले ज्यांना काही काम नव्हतं ते – म्हणजे निम्मं गाव. तलाठ्यांनी पडवी बघितली, चूल बघितली, आईला दोन प्रश्न विचारले, लिहून घेतलं. काम झालं होतं. हे मला नीट सांगू द्या – काम झालं होतं. ते पेनाला टोपण लावत होते. आणि टोपण लावता लावता त्यांनी सहज, बोलायचं म्हणून, मला विचारलं, "काय गं, वेगळं का निघालात?"

मी गप्प बसू शकले असते. 'जमलं नाही' एवढं म्हणाले असते तरी चाललं असतं. पण मी शाळेत वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेली मुलगी. सगळे माझ्याकडे बघत होते. मला वाटलं असेल – काय वाटलं असेल? दाखला पक्का व्हावा? की ऐकणाऱ्यांनी हळहळावं? मी खाली मान घालून, आवाज थोडा कापरा करून – हो, मुद्दाम – म्हणाले, थोरली आई आम्हाला उपाशी ठेवायची. भाकरी मोजून कुलपात ठेवायची.

ती दारातच उभी होती.

तलाठ्यांनी तिच्याकडे बघितलं. पंचांनी बघितलं. आईने पदर तोंडाला लावला. थोरल्या आईने एकदा माझ्याकडे पाहिलं – रागाने नव्हे. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मग म्हणाली, "व्हय, भाऊसाहेब. म्या ठेवलं उपाशी. लिवा तसं."

दाखला मिळाला.

संध्याकाळी मी सवयीने तिच्या चुलीपाशी जाऊन बसले. माफी मागायची होती का मला? नाही हो, भूक लागली होती. तिने मला उठवलं. "हितं न्हाई, बाय. आईच्या चुलीवर जेव. कुनी बघितलं तर कागद जाईल." दरवर्षी दाखला नवा काढावा लागायचा, म्हणून दरवर्षी त्या दोन चुली पेटत्या राहिल्या. दिवाळीला घरी आले की पडवीत आईच्या हातचं जेवायचं आणि आत तव्यावर भाकरी थापल्याचा आवाज ऐकायचा. आईच्या भाकरीला नावं ठेवत नाही. पण माझा जीव आत असायचा. वसतिगृहात असल्यापासून गरम काही पानात पडलं की अजून – अहो, आजही – वाफेवर हात धरून मी क्षणभर थांबते.

पदवी झाली, सांगलीतच नोकरी लागली. आता कोण कागद बघणार होतं? जाऊन तिच्या चुलीपुढे बसायचं आणि 'वाढ' म्हणायचं, एवढंच तर होतं. मी गेले नाही. बसले असते तर ते बोलणं निघालं असतं. गावातल्या बायकांनी तिला हळदीकुंकवाला बोलावणं कमी केलं होतं, पोरीला उपाशी ठेवणारी म्हणून. हे मला आईने सांगितलं होतं. 'तू एकदा चारचौघांत सांग,' असंही ती म्हणाली होती. सांगते म्हणाले. पुढच्या सुट्टीत सांगते म्हणाले.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी थोरली आई तापाने गेली. मी पोचले तेव्हा तिला अंगणात ठेवलं होतं, भोवती बायका बसल्या होत्या. मी तिच्या पायांवर डोकं ठेवून रडले, खरंखुरं रडले. शेजारच्या काकूंनी मला धरून उठवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हिला उपाशी ठिवली तिनं, तरी बघा कशी रडतीया. लय मोठ्या मनाची पोर." बायकांनी माना डोलवल्या. एकीने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

आई माझ्याकडे बघत होती.

मी तो हात पाठीवरून फिरू दिला.