हवेत काढलेले बार

ठासणीची बंदूक बाळगणाऱ्या माणसाकडं दोन गोष्टी आपोआप साठतात. नळीत काजळी आणि गावात किस्से! काजळी निदान गरम पाण्यानं धुऊन निघते. किस्से मात्र आपल्या आधी रामनगरच्या चहाच्या गाड्यावर पोचतात, आणि आपण तिथं जाईपर्यंत लोक हसून मोकळे झालेले असतात. म्हटलं, त्यापेक्षा आपले आपणच सांगितलेले बरे.

आमची शेती गुंदच्या बाजूला, रानाला लागून. भात आणि थोडी सुपारी. वडिलांच्या मागं पीक राखायच्या लायसनची बंदूक माझ्या नावावर झाली. शिकारीचं नाव काढायचं नाही. नुसती दारू भरून हवेत बार काढायचा, आवाजानं जनावर पळवायचं, एवढंच तिचं काम. शिकवायला होते परसूमामा, माझ्या आईचे भाऊ. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा, मग लांब गजानं ठासायचं आणि सगळ्यात शेवटी घोड्याखाली केप, म्हणजे ठिणगी पाडणारी इवलीशी टोपी, बसवायची. मामा हे सगळं गप्पा मारत करायचे. मला गप्पा सोडाच, श्वास घ्यायचंही सुचत नसे.

पहिल्यांदा डुकरं भातात शिरली, तेव्हा मी अगदी शिकवल्याप्रमाणे सुरुवात केली. दारू ओतली. बोळा खिशात सापडेना, म्हणून टॉवेलची दशी तोडली. ठासलं. केप हातातून निसटून चिखलात पडली. दुसरी काढली, फुंकर मारून बसवली, नळी वर केली आणि बघतो तर शेत मोकळं!

मामा बांधावर बसून सगळं बघत होते. म्हणाले, "नारू, तुजा बार भरून हुईस्तोवर डुकरं जेवली, आचवली आन् इडा खाऊन घरला बी गेली!"

*

बार काढला की त्याच दिवशी नळी धुवायची, नाहीतर आतून गंज खातो. उकळतं पाणी ओतायचं, चिंधी फिरवायची, कोरडी करून खोबरेल तेलाचा हात द्यायचा. पण ह्या काळ्या दारूच्या काजळीवर पाणी पडलं की कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. हे मामांनी सांगितलं नव्हतं.

श्रावणी सोमवार होता. मी न्हाणीत बसून बंदूक धूत होतो, आणि नेमक्या खानापूरहून सासूबाई आल्या! उंबऱ्यातच थांबल्या. पदर नाकाला. माझी बायको सुमन पाणी घेऊन पुढं झाली, तर तिला म्हणतात, "सुमे, श्रावणात अंडी? आन् ती बी नासकी?"

मी धावत बाहेर आलो. तोंड काळं, हात काळे. म्हटलं, "नाही हो आई, बंदूक धूत होतो!"

सासूबाईंनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"जावयबापू, अंडी खाल्ली म्हणा. त्ये तरी पटंल!"

*

इलेक्शन आलं की सगळ्या बंदुका पोलीस स्टेशनात जमा कराव्या लागतात. आम्ही दोघं मामा-भाचे बसनं निघालो. कंडक्टरनं विचारलं, "अण्णा, हिला सीट पायजे काय?"

स्टेशनात नळी रिकामी आहे का बघायची पद्धत सोपी. गज आत सोडायचा. नळी रिकामी असेल तर गजावरची खूण बरोबर नळीच्या तोंडाशी येते. माझा गज वीतभर वरच थांबला!

"भरलेली हाय!" कुणीतरी ओरडलं. जमादार टेबलाच्या पलीकडं गेले. रायटर तर कपाटामागंच. मी बंदूक आभाळाकडं धरून "नाही हो, नाही हो" करतोय, पण आत काय आहे हे मला तरी कुठं ठाऊक? मामांनी शांतपणे ती माझ्या हातातून घेतली, नळीचं तोंड वरच ठेवून बाहेर अंगणात नेली, बादलीभर पाणी मागवलं आणि आत दारू असलीच तर भिजावी म्हणून नळीत ओतून बराच वेळ तशीच उभी धरली. मग ती उलटी केली. आधी चिखल आला, मग मातीची ढेकळं, आणि शेवटी दोन पांढऱ्या अळ्या!

कुंभारीण माशीनं नळीत घर बांधलं होतं. चांगलं दोन खोल्यांचं.

जमादार टेबलामागनं बाहेर आले, टोपी सरळ केली आणि मला म्हणाले, "काय हो, लायसन तुमच्या नावावर हाय का ह्या माशीच्या?"

*

कुळगीकडं फिरायला आलेल्या पुण्याच्या काही मंडळींनी आमच्या बांधावर गाडी थांबवली. बंदुकीसोबत फोटो काढू द्या म्हणाले. बंदूक देत नाही, पण मी शेजारी उभा राहीन, म्हटलं. छाती पुढं काढून उभाही राहिलो. त्यांच्यातल्या बाईंनी आदरानं विचारलं, "काका, आतापर्यंत कशाकशाला मारलंय हो?"

"नाही नाही, आम्ही फक्त हवेत मारतो."

त्या जरा हिरमुसल्या. मग समजूत घालावी तशा म्हणाल्या, "असू दे. सुरुवात अशीच होते!"

*

आता हा किस्सा सांगताना अजूनही माझा आवाज बारीक होतो. सुपारीत माकडं आली होती. मी घाईघाईत ठासलं, केप बसवली आणि बार काढला. आवाज नेहमीपेक्षा निराळा आला. माकडं पळाली. मी खूश! पुन्हा भरावी म्हणून गज शोधतोय, तर गज नाही. गज नळीतच राहिला होता, आणि आता नळीतही नव्हता!

आणि त्या दिशेला बाबूचा गोठा! बाबू माझा शेजारी, लहानपणापासूनचा मित्र. मी बंदूक झाडाला टेकवली आणि "बाबू! ए बाबू!" करत धावत सुटलो. वाटेतच बाबू भेटला. सावकाश चालत येत होता, हातात माझा गज. गवताच्या गंजीत रुतला होता म्हणे, गोठ्याच्या अलीकडं.

बाबूनं गज पुढं केला.

"नारू, तुजं टपाल आलंय. पुढच्या बारीला पोस्टानं धाड."

मामांना कळलं तसं ते घरी आले. ओरडले नाहीत. केपांची डबी मागून घेतली, कनवटीला लावली आणि सुगी संपेपर्यंत परत दिली नाही. त्या वर्षी माकडं मी पत्र्याचा डबा वाजवून पळवली. चांगली पळाली.

*

आणि हा गेल्या वर्षीचा. भात पिवळं झालेलं, आठवड्यात कापणी. सकाळी दव होतं. शेतात गेलो तर मधोमध गवा! कळप नाही, एकटाच. एकट्या गव्याच्या वाटेला कुणी जात नाही. पण वर्षाचं भात तो उभ्यानं खात होता, तुडवत होता. बंदूक मी भरूनच नेली होती. लांब बांधावर उभा राहिलो, नळी वर केली आणि चाप ओढला.

फट्ट! केप फुटली. बार काही उडाला नाही. दारू दवानं ओलसर झाली असणार.

आता अशा वेळचा नियम एकच. नळी आभाळाकडं धरायची आणि गप उभं राहायचं, कारण बार मागाहूनही उडू शकतो. बंदूक टाकायची नाही, घेऊन पळायचं तर नाहीच. मी उभा राहिलो. गव्यानं मान वर केली. माझ्याकडं बघितलं. एक पाऊल पुढं टाकलं. मग आणखी एक. माझे हात वर ते वरच.

तेवढ्यात मागनं डबा बडवल्याचा आवाज! सुमन. अनवाणी, पदर खोचलेला, एका हातात डबा, दुसऱ्या हातात उलथनं.

"हल्या! हो भाईर! तुज्या बाऽचं भात हाय व्हय?"

गवा थबकला. तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. फुस्स केलं आणि वळून कुंपण मोडत रानात गेला.

सुमन धापा टाकत माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. माझी नळी अजून आभाळाकडंच. जीव थाऱ्यावर आल्यावर मी तिच्यावर उखडलो, "अगं, एकटा गवा होता तो! काही झालं असतं म्हणजे? आणि पळत कशाला यायचं? माझ्याकडं बंदूक होती की!"

"म्हणून तर पळत आले!"