ओढ्यापलीकडची बाळंतीण

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मी साताऱ्यात एका धर्मादाय सूतिकागृहात नर्स होते. माहेर सांगलीचं, खणभागातलं. नवरा लग्नानंतर लवकरच गेला. भावानं मला नर्सिंग शिकायला घातलं, आणि नोकरी लागली तशी एक ट्रंक घेऊन मी साताऱ्याला आले. सूतिकागृह चालवणारी मंडळी गावातली वजनदार. त्यांचे चिटणीस एक म्हातारे वकील होते. बहुतेक बायका घरीच बाळंत व्हायच्या. बोलावणं आलं की आम्ही जायचं. आम्ही दोघी होतो. दुसऱ्या बाई माझ्यापेक्षा वयानं बऱ्याच मोठ्या.

मी रुजू झाले तेव्हाच मंडळींनी आम्हां दोघींत शहर वाटून दिलं. चहा पिता पिता, पंगतीत भाजी वाढावी तशा पेठा वाढल्या. चढावरच्या पेठा थोरल्या बाईंना, उतारावरच्या मला. एकीनं दुसरीच्या पेठेत पाऊल टाकायचं नाही, कारण मग जबाबदारी कुणाची ते कळत नाही, असं वकिलांचं म्हणणं. खालच्या अंगाला ओढा लागतो, तिथं शहर संपलं असं धरायचं.

शहर तिथं संपत नव्हतं. ओढ्यापलीकडं अस्पृश्यांची वस्ती होती. तिथल्या बायका रोज सकाळी येऊन साऱ्या पेठांची गटारं साफ करायच्या. पेठांना आठवड्याचे सातही वार नावं म्हणून देऊन झाले होते आणि या माणसांच्या वाट्याला एकही आला नव्हता. मला हे रोज दिसत होतं, पण त्याची आच लागली ती त्या चैत्रातल्या दुपारी.

वस्तीतली एक म्हातारी सूतिकागृहाच्या फाटकाबाहेर येऊन उभी राहिली. पायात काही नाही, पदर घामानं भिजलेला. सून सकाळपासून अडली होती. म्हातारी आधी थोरल्या बाईंच्या दारात गेली होती. त्यांनी आपली हद्द वरची म्हणून तिला इकडं धाडलं होतं. मी बाळंतपणाच्या सामानाची पिशवी घ्यायला आत वळले, तर ओसरीवर बसलेले वकील म्हणाले, "थांबा जरा. ही कुठल्या पेठेतली?"

म्हातारी म्हणाली, "आमाला पेठ न्हाई, सायेब. वड्याच्या पल्याड ऱ्हातो आमी."

वकिलांनी तिला शांतपणे समजावून सांगितलं की हे सूतिकागृह शहरासाठी आहे, तिनं सुनेला गाडीत घालून सरकारी दवाखान्यात न्यावं. त्यांचा आवाज जरासुद्धा चढला नाही. तो चढला असता तर मला इतका संताप आला नसता. उन्हात गाडी कोण देणार होतं तिला? कुठला गाडीवान त्या बाईला आपल्या गाडीत घालणार होता? हे वकिलांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

मी पिशवी उचलली आणि म्हातारीच्या मागं निघाले. मागून वकिलांनी दोनदा हाक मारली. मी वळून पाहिलं नाही.

झोपडीत मूल पायाकडून आलेलं होतं. पाय बाहेर येऊन पुढं सगळं अडलं होतं, आणि ते कितीतरी वेळापासून तसंच होतं. मला येत होतं ते सगळं मी केलं. मूल सुटलं. मुलगी होती. तिच्या तोंडात फुंकर घातली, पाठ चोळली, गरम-गार पाण्यात धरली. ती रडली नाही. म्हातारी या दारातून त्या दारात फिरून आम्ही पोचेपर्यंत ती गेली होती. आई वाचली. तिनं मला विचारलं, "रडत का न्हाई ती?" मी तिचं रक्त थांबवत राहिले.

दुसऱ्या दिवशी वकिलांनी बोलावलं. मेलेल्या मुलीबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही. पेठांतल्या घरांतून कुजबूज सुरू झाली आहे, ही बाई तिकडं शिवून आली, आता आमच्या माजघरात कशी घ्यायची, असं लोक विचारताहेत म्हणाले. त्यांनी तोडही काढून ठेवली होती. मी गोमूत्र घेऊन अंघोळ करावी, पिशवी जाळून टाकावी आणि पुन्हा असं होणार नाही म्हणून कबूल करावं.

मी म्हणाले, "काल तुम्ही पेठ विचारलीत, तेव्हा ती मुलगी जिवंत होती."

ते म्हणाले, "बाई, गाव तुम्ही-आम्ही वसवलेलं नाही."

नोकरी गेली. घरमालकिणीनं खोली सोडायला सांगितलं, तेही दारात उभी राहून, उंबरा न ओलांडता. निघायच्या आदल्या दिवशी थोरल्या बाई आल्या. त्यांच्या घरात आजारी नवरा आणि दोन मुली होत्या. "मी त्या म्हातारीबरोबर गेले असते तर माझंही काम गेलं असतं," असं त्या सांगत राहिल्या. मी त्यांना बसा म्हटलं नाही. त्यांची अडचण मला पुढं समजली. वकिलांचं ते वाक्य मात्र मला कधी पटलं नाही. ओढ्याशी शहर संपतं हे माझ्यासमोर, चहाच्या कपावरून ठरलं होतं. ते काही शेकडो वर्षांपूर्वी कुणी दगडावर कोरलं नव्हतं.

सर्व्हिस मोटारनं सांगलीला आले. भाऊ भला माणूस. त्याचं म्हणणं, माफीच्या दोन ओळी लिहून टाक, लोक विसरतात. मी लिहिलं नाही. त्यानं दोन दिवस अबोला धरला, आणि मग आपणच पुढची खोली मला रिकामी करून दिली. तिथं मी कुणाच्याही मंडळाशिवाय काम सुरू केलं. पहिलं बोलावणं नदीकाठच्या कोळ्याच्या घरचं आलं, दुसरं गावातल्या एका जैन व्यापाऱ्याचं. पिशवी तीच होती.