वाणाच्या डबीचं झाकण

माझ्या सासरेबुवांची जुनी लेन्स इतकी जड आहे, की ती ज्या कपाटात ठेवावी त्या बाजूला आमची पनवेलची अख्खी इमारत कलते. बायको म्हणते, इमारत आधीपासूनच कललेली आहे. असेल. मी माझं निरीक्षण सांगितलं.

सासरेबुवांचा पनवेलात फोटोचा स्टुडिओ होता. तालुक्यातल्या एकूण एक नवऱ्या मुलीला त्यांनी याच लेन्समधून हनुवटी वर करायला लावलं. स्टुडिओ बंद करून ते शिरढोणला राहायला गेले, तेव्हा कॅमेरा बाळगणारा जावई मीच, म्हणून लेन्स माझ्या हातात ठेवली. पण फुकाफुकी नाही, अट घालून.

लेन्सच्या पुढे एक काळं नळकांडं आहे. त्याला हूड म्हणतात. उजेडाची तिरीप काचेवर येऊ नये म्हणून ते असतं. हे हूड कधीतरी असं जाम झालं, की आता लेन्स नि हूड एकाच आईच्या पोटची असल्यासारखी राहतात. त्यामुळे दुकानातली चिमटीत धरून आत बसवायची झाकणं तिला लागत नाहीत. हूडच्या बाहेरून टोपीसारखं बसेल असंच काहीतरी पाहिजे, आणि तसं कुणी बनवत नाही.

"पनवेलची हवा म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे, जावईबापू," सासरेबुवा म्हणाले. "धूळ बसली की मागोमाग बुरशी आलीच. रथसप्तमीला तुमच्याकडे हळदीकुंकू आहे, तेव्हा आम्ही येऊ. तोंडावर घट्ट झाकण दिसलं तर लेन्स तुमची. नाहीतर खारघरला धाकट्या जावयाकडे देतो. त्यांच्याकडे विजेवर चालणारं कोरडं कपाट आहे."

माझ्या साडूकडे कोरडं कपाट आहे, कोरडा चेहरा आहे, आणि तो फोटो काढतो ते फक्त स्वतःच्या ताटातल्या जेवणाचे, तेही मोबाइलवर. त्याच्याकडे ही लेन्स जाणार, या विचाराने माझं जेवण तुटलं. म्हणजे दुसऱ्यांदा भात घेणं मी बंद केलं.

मग लेन्स कापडी पिशवीत घालून मी हिंडायला लागलो. खरं सांगतो, जगात इतकी झाकणं आहेत आणि त्यातलं एक दुसऱ्यासारखं नाही, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मुरांब्याच्या बरणीचं झाकण हूडवर नाचायचं. च्यवनप्राशच्या झाकणाला आतून आटे, ते आटे हूडला ओरबाडायचे. करवंटी कानशीने घासली, ती बसलीसुद्धा, पण दुसऱ्या दिवशी पनवेल ते पेणपर्यंतच्या मुंग्या लेन्सला भेटायला आल्या. त्या दिवसांत माणूस दिसला की मी आधी त्याच्या हातातल्या बाटलीचं बूच बघायचो, मग माणूस.

मासळी बाजारात आमच्या नेहमीच्या कोळीण मावशी बसतात. त्यांच्याजवळ मिशरीची गोल डबी दिसली.

"मावशी, त्या डबीचं झाकण जरा बघू?"

"कनाला रं?"

"याच्या तोंडाला लावायचंय." मी लेन्स काढून दाखवली.

मावशींनी ती हातात घेऊन वरून खालून पाहिली. "यो त काय बोलत नाय. मंग याचा तोंड कनाला झाकतंस? तुज्या तोंडाला लाव."

शेजारच्या दोघी हसल्या, आणि मला वाटतं, टोपलीतला एक पापलेटही. झाकण बोटभर लहान निघालं, ते वेगळंच.

तेवढ्यात संक्रांत झाली आणि घरोघरची हळदीकुंकवं सुरू झाली. बायको रोज कुठूनतरी वाण घेऊन यायची, आणि वाण म्हणजे बहुतेक डबीच. ती चप्पल काढायच्या आत मी डबी उघडून झाकण हूडवर ठेवून बघायचो. एकही बसेना. मग माझ्या डोक्यात उजेड पडला.

"यंदा आपल्याकडचं वाण मी आणतो," मी म्हणालो.

बायकोने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

प्लॅस्टिकच्या सामानाच्या घाऊक दुकानात गुलाबी झाकणाच्या छोट्या डब्यांचा डोंगर होता. मी एकेक झाकण घेऊन हूडवर चढवायला लागलो. एक सैल, एक चढेचना, एक तिरकं.

"साहेब, सगळी एकाच साच्यातली आहेत," दुकानदार म्हणाला.

"मग हे सैल का आणि ते घट्ट का?"

त्याने स्वतः दोन लावून पाहिली. मग आणखी चार. "च्यायला," तो म्हणाला, आणि गिऱ्हाईक सोडून माझ्याशेजारी फतकल मारून बसला. डोंगराच्या तळाशी पोचलो तेव्हा एक झाकण टप् करून बसलं. लेन्स उलटी धरली, हलवली, सुटेना. ते झाकण धरून मी ट्रक ओढला असता. ती डबी मी वेगळी घेतली, घरी आणून कपाटाच्या वर ठेवली आणि बाकीच्या बायकोच्या स्वाधीन केल्या.

रथसप्तमीच्या संध्याकाळी घर बायकांनी भरलं. मी आणि सासरेबुवा आतल्या खोलीत, निर्वासितांसारखे. शेवटच्या बायका निघाल्या तसे ते म्हणाले, "हं, दाखवा."

मी स्टुलावर चढलो. कपाटाच्या वर डबी नव्हती.

"अगं, इथली डबी?"

"एक कमी पडत होती, म्हणून ती काढली!" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "दिली कुणालातरी."

पुढचं मला नीट आठवत नाही, पण इमारतीला चांगलं आठवतं. एका हातात लेन्स घेऊन मी जिन्यात धावलो आणि उतरणाऱ्या बायकांना अडवलं. "वहिनी, डबी बघू जरा. काकू, तुमचीपण."

"अगंबाई, वाण परत घेताय?" दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या.

"नाही हो, फक्त बसतं का बघतो."

"कुणाला?"

मी लेन्स पुढे केली. आमचा अख्खा जिना डब्या उघडून उभा होता आणि एकही झाकण बसलं नाही.

परत वर आलो. सासरेबुवा दारातच उभे. त्यांनी हात पुढे केला. मी उघडी लेन्स त्यांच्या हातात ठेवली. आता खारघर.

"काय शोधताव?" सासूबाईंनी सोफ्यावरून विचारलं. त्यांच्या मांडीवर पर्स होती, पर्सवर गुलाबी डबी. बायकोने गडबडीत ती डबी आईलाच दिली होती.

सासरेबुवांनी डबीचं झाकण काढलं आणि जुन्या सवयीने, न बघताच, हूडवर दाबलं. टप्. त्यांनी लेन्स उलटी केली, कानाशी नेऊन हलवली. गडी हरखला. "बाकीची का बसत नाहीत हो?" त्यांनी मला विचारलं, आणि आम्ही दोघे बायकोला घरोघरून मिळालेल्या वाणाच्या डब्या घेऊन जमिनीवर बसलो.

"ते माजा वान हाय," सासूबाई म्हणाल्या. "वान कोन परत देतं काय?"

सासरेबुवांनी झाकणावर पंजा ठेवला. मी त्यावर माझा. लेन्स सासूबाईंच्या झाकणाखाली.

"देते," मग त्याच म्हणाल्या. "पन या मानसानं गावच्या पोरींचं फोटू काढलं, माजा एक नाय काढला. तुमी काढा. आत्ताच."

सासरेबुवा उठले, खिडकीचा पडदा सारला, ट्यूबलाइटखाली खुर्ची सरकवली. मी लेन्स माझ्या कॅमेऱ्याला लावली आणि झाकण काढून खिशात टाकलं.

"हनुवटी वर," ते सासूबाईंना म्हणाले.

"तुमी गप ऱ्हावा," सासूबाई म्हणाल्या. "जावई काढतात."