डब्यावरचं नाव

"तिला टायपिंग देऊ. बोलायला आपण आहोतच की."

मी वॉटर कूलरवर बाटली भरत होते आणि हे वाक्य खांबाच्या पलीकडून आलं. बोलणारी माझ्याच गटातली मुलगी होती आणि 'ती' म्हणजे मी. गटप्रमुख मुलगा म्हणाला, हो, तिचं काम नीट असतं. बाटली भरून वाहायला लागली तरी मी नळ बंद केला नाही, कारण बंद केला असता तर त्यांना कळलं असतं की पलीकडे कुणीतरी आहे.

मला वाईट वाटायला हवं होतं. खरं तर हायसं वाटलं.

गंगापूर रोडवरच्या आमच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला तिघातिघांनी मिळून एक प्रकल्प करायचा असतो. सरांनी सूचनाफलकावर चार रकान्यांचा कागद लावला होता: साहित्य, सामाजिक प्रश्न, विज्ञान, उद्योगांचा इतिहास. एक रकाना निवडायचा. विषय आपल्या जिल्ह्यातलाच हवा. आणि शेवटी सभागृहात, माइकवर, मराठीतून सादर करायचा. बारावीपर्यंत मी इंग्रजी शाळेत होते. मराठी मी घरात बोलते, ओट्याशी उभी राहून, तोंडात घास असताना. माइकवर बोलायची मराठी माझ्याकडे नव्हती. इंग्रजीतही माइकवर मी कधी बोलले नव्हते, ते वेगळं.

आम्ही विषय ठरवेपर्यंत द्राक्षं चार गटांनी नेली होती, गोदावरीचं प्रदूषण तीन गटांनी, मोबाइलचे दुष्परिणाम तर निम्म्या वर्गाने. गटप्रमुख रोज ग्रुपवर विचारत होता, काही सुचतंय का. कुणाला काही सुचत नव्हतं.

त्या शनिवारी शेजारच्यांकडून आलेली वाटी परत करायची होती. आमच्याकडे वाटी रिकामी परत करत नाहीत. आईने तीत मटकीची उसळ घातली आणि म्हणाली, नाव बघून दे गं, आपल्या दोन तशाच आहेत. मी वाटी उचलून उजेडात धरली. काठाखाली शेजारच्या काकूंच्या सासऱ्यांचं नाव होतं. पुढे 'यांचेकडून', आणि त्याच्यापुढे एका लग्नाची तारीख. ते लग्न कुणाचं, ते सासरे कधी गेले, मला काही माहीत नव्हतं, पण ते माझ्या हातात होते. उसळीसकट.

मी वाटी दिली, परत आले आणि आमची फळी रिकामी करायला घेतली. ताटं, पेले, तांब्या, आजोबांच्या वेळची परात. आई विचारत होती की काय शोधतेस. मी काही शोधत नव्हते, वाचत होते. आमच्या स्वयंपाकघरात एवढं लिहिलेलं आहे आणि वीस वर्षं मी त्यावर फक्त पोळी वाढून घेतली होती. मी तिथेच फरशीवर बसून ग्रुपवर टाइप केलं: 'विषय: भांड्यांवरची नावं.'

गटातल्या मुलीने हसणारे चेहरे पाठवले. गटप्रमुखाने लिहिलं, चालेल, दुसरं काही नाहीये. सरांनी मात्र आमच्या अर्जावर लाल शाईने विचारलं: कोणता रकाना? मी समासात बारीक अक्षरात उत्तर लिहिलं. भेटीचा मजकूर दोन ओळींत बसवावा लागतो, म्हणून साहित्य. कुणाचं नाव घातलं जातं आणि कुणाचं नाही, म्हणून सामाजिक प्रश्न. कोणत्या धातूवर अक्षर टिकतं, म्हणून विज्ञान. आणि तांबं, पितळ, स्टील असा बाजार बदलत गेला, म्हणून उद्योग. तोंडी विचारलं असतं तर यातलं एक वाक्य माझ्याकडून निघालं नसतं. कागद परत आला तेव्हा त्यावर होतं: 'चारही. पण मग चारही सिद्ध करा.' तो कागद मी दप्तरात न ठेवता हातात धरून घरी नेला.

भांडी बाजारात नावं घालणारे एक काका बसतात. दुकान म्हणजे दुसऱ्याच्या दुकानाची पायरी आणि एक लाकडी पाट. मी समोरच्या बाजूला उभी राहून बराच वेळ ते काम बघत राहिले. विजेचं पेन मोठ्या माशीसारखं घोंघावतं आणि स्टीलवर पांढरी रेघ उमटत जाते. शेवटी त्यांनीच हाक मारली, "ताई, भांडं विसरलात का घरी?"

मी भांडं आणलंच नव्हतं. मग तिथूनच एक पेला विकत घेतला, निदान बोलायला काहीतरी निमित्त म्हणून. त्यांनी कागद पुढे केला, नाव लिहून द्या म्हणाले. मी आईचं नाव लिहिलं. त्यांनी कागद लांब धरून पाहिला.

"इंग्रजी शाळा ना? अक्षर छान आहे. पण प्रत्येक अक्षराला वेगळं छप्पर आहे."

मला हसू आलं आणि त्या हसण्याने जरा मोकळं वाटलं. मग मी विचारत गेले, ते काम करता करता सांगत गेले. त्यांचे वडील छिन्नीने ठोकून ठोकून ठिपक्यांची अक्षरं घालायचे. तांबं मऊ, त्यात ठिपका छान बसतो, पण बायका चिंच लावून घासतात तेव्हा अक्षर दरवर्षी थोडं थोडं जातं. स्टील आलं आणि छिन्नी गेली. स्टीलवरचं जात नाही. नॉनस्टिकवर मात्र नाव घालता येत नाही, थर निघतो. म्हणून हल्ली त्यांच्याकडे भांड्यांपेक्षा शाळांची बक्षिसं आणि मंडळांच्या ढाली जास्त येतात. पैसे अक्षरावर असायचे, म्हणून लोक आडनाव ठेवायचे आणि बाकीचं तोडायचे. कित्येक बायकांचं नाव नुसत्या एका अक्षरात उरलेलं त्यांनी पाहिलं होतं.

"नाव दोनच कारणांनी घालतात," पेला माझ्या हातात देत ते म्हणाले. "भांडं परत यावं म्हणून, नाहीतर माणूस लक्षात राहावा म्हणून."

मी घरी येईपर्यंत वहीत दोन रकाने आखले होते: परतीची आणि आठवणीची. मग तिसरा आखावा लागला, कारण काही भांडी दोन्हींत बसेनात. लग्नाच्या पंगतीत, भंडाऱ्यात, बारशाला भांडी एकमेकांत मिसळतात आणि कुणाचं तरी भांडं आपल्याकडे येऊन राहतं. आमच्याकडेच अशी तीन निघाली. त्या रकान्याला मी नाव दिलं 'चुकून आलेली'. गटप्रमुखाला तोच सगळ्यात आवडला. तो त्याला 'चोरीचा माल' म्हणायला लागला, आणि पहिल्यांदाच त्याने विचारलं की अजून किती मिळतील.

नांदगावला माझ्या वडिलांचे थोरले भाऊ राहतात. शेती आहे, बाजारपेठेत बियाण्यांचं दुकान आहे, आणि स्वयंपाकघरात अशी फळी आहे की मी तिच्या विचाराने दोन दिवस नीट झोपले नव्हते. रविवारी गेले. काकू भाकरी थापत होती आणि मी तिच्या पाठीमागे एकेक भांडं उतरवून फोटो काढत होते. काकू तशी कमी बोलणारी. त्या घरात कमी बोलणाऱ्या आम्ही दोघीच, त्यामुळे आमचं आपसांत फारच कमी बोलणं होतं. तिने एकदा मागे वळून पाहिलं, "लय धूळ आसंल वर," एवढंच म्हणाली आणि पुन्हा भाकरीकडे वळली.

सगळ्यात मागे स्टीलचा एक मध्यम डबा होता. आत गूळ. झाकणावर ठिपक्यांत नाही, रेघेत, ठसठशीत अक्षरं: 'कु.', मग एका मुलीचं नाव, मग वडिलांचं, मग सटाण्याकडच्या एका गावाचं. त्या नावाची आमच्या घरात कुणीच नव्हती. ते नाव मी इथे लिहीत नाही, त्याचं कारण पुढे येईल. मी फोटो काढला, वहीत तिसऱ्या रकान्यात लिहिलं आणि डबा होता तसा मागे सरकवला.

काकूला विचारायला हवं होतं. ती दोन हातांवर होती. पण समोर उभ्या असलेल्या माणसाला प्रश्न विचारणं मला जमत नाही, आणि टाइप करणं जमतं. मी तो फोटो परतीच्या बसमधून सगळ्या घरच्यांच्या ग्रुपवर टाकला: 'नांदगावच्या घरात हा डबा सापडला. ही मुलगी कोण, कुणाला माहीत आहे का?'

ग्रुप जागा झाला. थोरल्या काकांनी लिहिलं, कुठल्यातरी लग्नात बदलून आला असेल. आत्याने लिहिलं, अरे परत करा, किती वर्षं दुसऱ्याचा गूळ खाताय. चुलतभावाने पोलिसाचं चित्र पाठवलं. मी सगळं वाचत हसत होते, एकीकडे वहीत लिहीत होते की एका डब्याने केवढा मजकूर निर्माण केला. मी ते गटप्रमुखाला पुढे पाठवलं. त्याने तासाभरात स्लाइड बनवली. डब्याचा फोटो, वर मोठ्या अक्षरात: 'मालक हरवला आहे'.

सोमवारी सकाळी कॉलेजच्या स्टॉपवर उतरले आणि फोन वाजला. काकूचा आवाजी निरोप होता. ग्रुपवर नाही, फक्त मला. काकू सकाळच्या फुलांशिवाय कधी काही पाठवत नाही. मी फोन कानाला लावला. मागे भांड्यांचा आवाज होता आणि मग, माहेरच्या बोलीत, जी मी तिच्या तोंडून कधीच ऐकली नव्हती:

"हाऊ मना डबा शे."

हा माझा डबा आहे. एवढंच.

मी रस्त्याच्या कडेला उभी राहून तो निरोप पाच-सहा वेळा ऐकला. मग जे मी सहसा करत नाही ते केलं, फोन लावला. काकूने सगळं सांगितलं, तेही एका दमात, जणू कुणी विचारायचीच वाट बघत होती. सातवीत असताना तालुक्याच्या शर्यतीत ती पहिली आली होती. अनवाणी. बक्षीस तो डबा, नाव घालून. लग्नात पाटावर बसून तांदळात नवं नाव काढलं गेलं आणि जुनं नाव तिथेच राहिलं. सासरी कुणी त्या नावाने हाक मारली नाही. माहेरी मारणारे आता थोडेच उरलेत. काकांनाही डब्यावर काय लिहिलंय ते लक्षात नव्हतं. ते तसं ग्रुपवर दिसलंच होतं.

मला तिच्यासाठी वाईट वाटलं, पण त्याहून जास्त मी हरखून गेले होते. सरांच्या चारही रकान्यांचं उत्तर एका गुळाच्या डब्यात होतं. मी तिला विचारलं, "काकू, तुझं हे नाव कॉलेजात सांगू का?"

ती म्हणाली, "सांग की. माइकवर सांग. कोणी तरी म्हणू दे."

म्हणून सभागृहात सांगायची परवानगी मला आहे. छापायची मी अजून विचारलेली नाही.

गटप्रमुखाला मी लगेच लिहिलं: ती स्लाइड बदल, डबा हरवलेला नाही. तो म्हणाला, बघतो. सादरीकरणाच्या आदल्या दिवशी पुन्हा लिहिलं. त्याने अंगठा पाठवला. मी नवी स्लाइड स्वतः करून त्याला दिली. तो वाईट मुलगा नाही. त्याच्या फाइलमध्ये ती जुनी स्लाइड होती, सरावात तिच्यावर लोक हसले होते, आणि हसू मिळालेलं कुणी सहज सोडत नाही.

सादरीकरणाच्या दिवशी तो माइकपाशी होता, गटातली मुलगी त्याच्या शेजारी, आणि मी ठरल्याप्रमाणे लॅपटॉपपाशी, बटण दाबायला. सगळं चांगलं चाललं होतं. ठिपक्यांची अक्षरं पाहून पुढच्या रांगेतल्या मुली पुढे झुकल्या. तांब्यावरचं पुसत गेलेलं नाव आलं तेव्हा सरांनी चष्मा वर केला. माझी भांडी भिंतभर दिसत होती. मग गटप्रमुख म्हणाला, आता चोरीचा माल, आणि मी बटण दाबलं.

भिंतीवर डबा आला. वर तेच: 'मालक हरवला आहे'. खाली काकूचं नाव, वीतभर उंच अक्षरांत. तो म्हणाला, ही मुलगी कोण हे त्या घरात कुणालाही माहीत नाही, वीस वर्षं तिचा डबा वापरतायत. सभागृह हसलं. मोकळं, साधं हसू, कुणाचा वाईट हेतू नसलेलं. त्याने मला हाताने खूण केली, पुढची.

माझं बोट बटणावर होतं. मी ते दाबलं नाही. त्याने पुन्हा खूण केली. मग माझ्याकडे पाहिलं, आणि मला उठलेली पाहून त्याचा हात तसाच राहिला. लॅपटॉपपासून माइकपर्यंत चार पावलं होती. ती मी चालले. माइक माझ्यासाठी उंच होता. तो खाली करायचं कसं ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी टाचा उचलल्या. आधी भिंतीवरचं नाव वाचलं, पूर्ण, गावासकट, सावकाश. मग म्हणाले,

"हिचा डबा हरवलेला नाही. ही माझी काकू आहे. धावण्यात पहिली आली होती."