सव्वापाचला उठणाऱ्या मावशी

मावशी सुपावर बोटांनी तीनदा टकटक करायच्या. टकटक झाली की आम्ही अकरा जणी हातातली तूर हातातच ठेवायचो आणि मुनीमजी ओरडायचे, "हात का थांबायलेत सगळ्यांचे?" हात थांबायचेच. कारण सिनेमाचा शेवट आलेला असायचा.

कळंबला एका आडत दुकानामागं पत्र्याचं मोठं शेड आहे. तिथं आम्ही धान्य निवडायला बसायचो. समोर ढीग, मांडीवर सूप, डोक्यावर पत्रा. खडे काढायचे, किडका दाणा बाजूला टाकायचा. हे काम डोळ्यांचं आणि बोटांचं. कान रिकामेच असतात. मावशींनी ते कान कामाला लावले होते. सुट्टीच्या दिवशी बाजार करून त्या एकट्या तीनच्या खेळाला जायच्या आणि तो सिनेमा आम्हाला आठवडाभर पुरवायच्या.

गोष्ट कशीही सांगायच्या. नायकाचं नाव मधेच बदलायचं. गाणी तर त्या सरळ गाळायच्या. "नाचली दोघं, झालं," एवढ्यात गाणं संपायचं. पण शेवट आला की सूप वाजायचं, पदर सारखा व्हायचा आणि आवाज खाली यायचा. "मधलं समदं इसरा गं," म्हणायच्या, "शेवट तेवढा ध्यानात ठिवा."

शेवटाविषयी त्यांची मतं पक्की होती. लग्नावर संपलेला सिनेमा त्यांना चालायचा नाही. "लगीन शेवट व्हय? खरी गंमत तर तिथनं सुरू व्हती, इचारा हिला," असं म्हणून नव्या लग्नाच्या पोरीकडं बघायच्या. खलनायक मेलेलाही आवडायचा नाही. "मेला तर सुटला की त्यो. जित्ता ठिवावा आन् लाजवावा. मेलेलं माणूस कुणाच्या ध्यानात ऱ्हात न्हाय, लाजलेलं ऱ्हातं." आणि शेवटी पडद्यावर गर्दी नको. माणूस एकटं पाहिजे, आणि त्याच्याजवळ एखादी बारकी वस्तू पाहिजे. चप्पल म्हणा, कंदील म्हणा, अर्धी भाकरी म्हणा. "घरी जाऊन पीठ मळताना ती वस्तू आठवली, तर शेवट खरा."

खरंच आठवायची. मला अजून त्यांचा एक दरोडेखोर आठवतो. शेवटी तो दाराला खेटून उभ्या असलेल्या पोलिसांच्या गाडीत बसतो आणि खिडकीतून हात काढून आईच्या दाराची कडी लावतो, कुत्रं आत शिरू नये म्हणून.

आता जे सांगते ते शेडमधल्या कुणाला माहीत नाही. मावशींनी एकाही सिनेमाचा शेवट बघितलेला नव्हता.

मला कळायचं कारण म्हणजे आमचं दोघींचं गाव एक. आमच्या गावाला शेवटची गाडी साडेपाचला सुटते. तीनचा खेळ सुटतो सहाला. मावशींच्या घरी एक म्हैस होती, आणि ती मावशींशिवाय कुणाला हात लावू द्यायची नाही. सुनेनं एकदा त्यांचं लुगडं नेसून बघितलं, तिला लाथ बसली. म्हणून सव्वापाच वाजले की पडद्यावर काही का चाललेलं असेना, मावशी पिशवी उचलायच्या.

एकदा मला बरोबर नेलं. नायिका विहिरीच्या काठावर उभी, मागून कुणीतरी धावत येतंय, मी श्वास धरून बसलेली. तेवढ्यात माझं मनगट ओढलं गेलं. "उठ. म्हैस वाट बघती."

"मावशी, शेवट?"

"करू की गाडीत."

मला वाटलं, चेष्टा करतात. पण गाडीत खिडकीजवळ बसून त्यांनी खरंच शेवट करायला घेतला. पहिला स्टँडवरच केला. माझ्या तोंडाकडं बघून म्हणाल्या, "न्हाय जमला." दुसरा फाट्याजवळ केला. तोही नाही. तिसरा ओढ्याच्या पुलावर केला, तेव्हा माझ्या डोळ्यात पाणी आलं.

"रडायलीस?"

"नाही, कचरा गेला."

"मग ह्योच," म्हणाल्या आणि डोळे मिटून निवांत झाल्या. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये सूप वाजलं आणि त्यांनी तोच शेवट असा सांगितला, की मलाही वाटलं आपण बघूनच आलो.

तेव्हापासून दर आठवड्याला हेच. त्या थेटरातून स्टँडवर यायच्या, मी बाजारातून. मी फार बोलत नाही, अनोळखी माणसापुढं तर तोंडच उघडत नाही. त्यांना ते सोयीचं होतं. "तू कुणाला सांगणार न्हाईस, आन् तुला लौकर रडूबी येत न्हाय. तुझ्यावर शेवट पारखून घेतलेला बरा." आपण शेवटाच्या पारखी आहोत, याचा मला आतून फार ताठा वाटायचा. वर दिसू दिला नाही.

आमच्या ओळीत शेवंता नावाची बाई होती. तिचा नवरा तिला आणि लेकीला टाकून पुण्याला गेला, तिकडं दुसरा संसार मांडला. चार वर्षं झाली होती. सासरची माणसं म्हणायची, येईल परत, आला की गुमान घरात घे. शेवंता आमच्यात सगळ्यात खाली मान घालून बसायची.

त्याच सुमाराला तसाच एक सिनेमा लागला. नवरा सोडून जातो, बायको झिजते, आणि शेवटी नवरा दारात येऊन उभा राहतो. नेमके तेव्हाच सव्वापाच वाजले.

त्या दिवशी गाडीत मावशींनी स्टँडवरही शेवट केला नाही, फाट्याजवळही नाही. पुलाच्याही पुढं गेल्यावर म्हणाल्या, "ती त्याला बस म्हणती. आत जाती. तांब्या भरून आणती. आन् तांब्यासंगं वाटीत गूळ आणती."

"मग?"

"मग काय? घरच्या माणसाला नुसतं पाणी देत्यात. गूळ-पाणी कुणाला देत्यात?"

"पाव्हण्याला," मी म्हणाले.

"त्यो गुळाकडं बघतो. एक खडा तोंडात टाकतो. पाणी पितो. चप्पल घालतो. वाटी तशीच ऱ्हाती. झालं."

"मावशी, हा शेवंतासाठी केलात?"

"शिनेमा हाय त्यो," म्हणाल्या. "गप बस."

दुसऱ्या दिवशी तो शेवट सांगून झाल्यावर सगळ्यांचे हात थांबलेलेच राहिले. मुनीमजीसुद्धा ओरडायचे विसरले. शेवंता तेवढी तूर निवडत राहिली, आणि त्या दिवशी तिच्या सुपात खडे राहिले.

दिवाळीला तिचा नवरा खरंच आला. पिशवीत मिठाई घेऊन, दारात. शेवंतानं त्याला बसायला सतरंजी टाकली आणि गूळ-पाणी आणलं. ते ती आम्हाला सुट्टीनंतर सांगत होती. "गुळाकडं बघितलं त्यानं. 'हे काय?' म्हणला. मी म्हणलं, 'पाव्हण्याची रीत हाय. तुमी दुरून आलात.'" तो गूळ न खाताच उठला. त्या दिवसापासून शेवंता ताठ बसायला लागली. लेकीला शिवणाच्या क्लासला घातलं. सासरच्यांना म्हणायची, "मी काय येगळं केलं? शिनेमात बी असंच हाय." शिनेमात आहे म्हटल्यावर सासू गप्प बसायची. सासूला सिनेमाचा फार धाक.

हे सगळं एका दुपारी मोडायला आलं. काजल म्हणून नवी पोरगी कामाला लागली होती. फटकळ, पण मनानं चांगली. तिच्याकडं मोठा फोन. जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता एकदम ओरडली, "अय्या मावशी, तुमचा गूळ-पाण्याचा शिनेमा सापडला! पण शेवट तसा न्हाय की हो. ती तर त्याच्या पायाच पडती. समदे मिळून फोटो काढत्यात. गूळबिळ काय न्हाय."

घास हातात धरून सगळ्या जणी मावशींकडं बघायला लागल्या. मावशी सुपाकडं बघत होत्या. बोटं सुपाच्या कडेवर होती, पण हलत नव्हती. त्यांचं तोंड असं उतरलेलं मी कधी बघितलं नव्हतं. आणि शेवंतानं हात पुढं केला. "दाव बघू."

मला मावशींपेक्षा शेवंताची भीती वाटली. ज्या शेवटावर तिनं पाय रोवले होते, तो या पोरीच्या फोनमध्ये नव्हताच. बघितला तर ती पुन्हा मान खाली घालील, असं मला वाटलं. नऊ वर्षांत त्या शेडमध्ये मी पहिल्यांदा मोठ्यानं बोलले.

"त्यो शेवट शहरातल्यांचा हाय. आपल्याकडं दुसरा होता. मी होते मावशींसंगं."

"एका शिनेमाला दोन शेवट?" काजल म्हणाली.

"तवा रीळ असायचं," मी म्हणाले. खोटं एकदा सुरू झालं की आपोआप चालतं, हे मला त्या दिवशी कळलं. "एकच रीळ दोन गावांत फिरवायचे. शेवटचं तिकडं अडकलं की हितं दुसरं लावायचे."

काजलनं भुवया उंचावल्या. आता ती पुढचं विचारणार आणि मी उघडी पडणार. तेवढ्यात वजनकाट्याजवळून आवाज आला.

"लावायचे की!" मुनीमजी होते. आमच्याकडं न बघता पोत्याला दाभण टोचत होते. "म्या बी बघितलाय त्यो शिनेमा. गूळच होता. चांगला पिवळा गूळ."

मुनीमजी सिनेमाला गेलेले त्यांच्या बायकोलाही आठवत नसेल. इतकी वर्षं हा माणूस आमच्यावर ओरडता ओरडता प्रत्येक शेवट कान देऊन ऐकत होता!

शेवंतानं माझ्याकडं बघितलं. मग मुनीमजींकडं, मग मावशींकडं. फोन तिच्या हातात होता. तिनं तो न बघताच काजलला परत दिला. "ठिव तुझ्याजवळ," म्हणाली. "मला माझा पाठ हाय." आणि डब्याचं झाकण लावलं. तिला कळलं होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येत नाही. तुम्ही तिथं असता तर तुम्हालाही आलं नसतं.

संध्याकाळी गाडीत मावशी खिडकीकडं तोंड करून बसल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतात. त्या हसत होत्या. "रीळ अडकलं व्हय गं? रीळ!" इतक्या हसल्या की कंडक्टर म्हणाला, "आजी, आम्हाला बी सांगा की." डोळे पुसून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "लई चांगला शेवट केलास आज."

पुढं मावशींचे गुडघे गेले. मुलानं म्हैस विकली आणि त्यांना पुण्याला नेलं. आता गाडी चुकायची भीती नाही, म्हैस नाही. मुलानं हौसेनं मोठ्या थंडगार थेटरात नेलं, मऊ खुर्चीत बसवलं. दुसऱ्या दिवशी साडेपाचला, मी गाडीत बसायच्या वेळेला, त्यांचा फोन.

"अगं, अख्खा शिनेमा बसले! उठायचं न्हाय, पळायचं न्हाय."

"मग शेवट कसा होता?"

"झोप लागली बग," म्हणाल्या.

मला नाही वाटत झोप लागली. त्यांनी डोळे मिटून घेतले असणार. आयुष्यभर आपण केलेल्या शेवटांपुढं सिनेमावाल्यांचा कसा निघतोय, याची धास्ती वाटली असणार. तसं मी म्हणाले तर म्हणाल्या, "गप बस. गाडीत जागा मिळाली का?"

गेल्या वर्षी त्यांच्या मुलाचा फोन आला, मावशी गेल्याचा. काय झालं, कसं झालं, सगळं त्यानं सांगितलं. ते मी इथं लिहिणार नाही. त्यात दवाखाना आहे आणि फार गर्दी आहे. मावशींना तो शेवट मुळीच चालला नसता.

त्या दिवशी गाडीत खिडकीजवळ बसून मी तीन शेवट केले. दोन जमले नाहीत. तिसरा पुलावर जमला.

खेळ सुटलाय. दिवे लागलेत. माणसं निघून गेलीत. झाडणारा येऊन म्हणतो, "आजी, उठा, पिक्चर संपला." मावशी एक डोळा उघडतात. "संपला व्हय?" म्हणतात. "काय झालं शेवटाला?" तो सांगायला लागतो. मावशी सगळं ऐकून घेतात, मान हलवतात. "न्हाय जमला," म्हणतात. आणि खुर्चीखाली पायानं दुसरी चप्पल शोधत राहतात.